सही आईची, फोटो मुलीचा

१९३०च्या दशकात अमेरिकेतल्या एखाद्या लहानशा गावातल्या पोरानं हॉलिवूडची नटी जीन हार्लो हिला पत्र टाकलं, की काही आठवड्यांनी त्याच्या घरी एक पाकीट यायचं. आत तिचा फोटो आणि फोटोवर शाईनं केलेली सही. पोरगं हरखून जायचं. फोटो जपला जायचा, आजोबांकडून नातवाकडे यायचा. आज तो नातू फोटो विकायला काढतो, तेव्हा जाणकार भिंग लावून बघतो आणि सांगतो, की सही शाईचीच आहे, त्याच काळातली आहे, पण हार्लोची नाही. तिच्या आईची आहे.

गंमत पुढेच आहे. जीन हार्लो हे त्या नटीचं जन्मनाव नव्हतंच. ती कॅन्सस सिटीची हार्लीन कारपेंटर. जीन हार्लो हे तिच्या आईचं माहेरचं नाव. आईला स्वतःला सिनेमात यायचं होतं, ते जमलं नाही. मुलीला जमलं, आणि मुलीनं पडद्यासाठी आईचं माहेरचं नाव घेतलं. म्हणजे चाहत्यांना पाठवायच्या फोटोंवर आई ‘जीन हार्लो’ लिहायची, तेव्हा एका अर्थी ती आपलंच नाव लिहीत होती. खोटी म्हणावी तर पंचाईत, खरी म्हणावी तरी पंचाईत. बाजाराला मात्र अशा गुंत्यात रस नाही. हार्लो ७ जून १९३७ला वयाच्या २६व्या वर्षी गेली, स्वतःच्या हातानं तिनं फार थोडे फोटो सही केले, त्यामुळे तिच्या हातची सही आणि आईच्या हातची सही यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो.

जुन्या नटनट्यांचे सही केलेले फोटो जमवण्याचा छंद बाहेरून चेहऱ्यांचा वाटतो. आत शिरलं की कळतं, हा छंद हातांचा आहे. सही कुणाच्या हातची, कधीची, कुठल्या पेननं आणि कुठल्या कागदावर, एवढंच विचारत राहायचं. मी हॉलिवूडपुरतंच बोलतो, कारण माझा स्वतःचा पैसा आणि पश्चात्ताप तिथेच खर्च झालाय.

आपल्याकडे शाळेच्या शेवटच्या वर्षी स्वाक्षरीची वही फिरायची. समोर उभं राहून सही घ्यायची, त्यामुळे ती कुणाची हा प्रश्नच यायचा नाही. हॉलिवूडच्या त्या काळात सही मागणारा आणि करणारा बहुतेक वेळा एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. मधे टपाल होतं आणि स्टुडिओ होता. मोठ्या स्टुडिओंत चाहत्यांच्या पत्रांसाठी वेगळा विभाग असे. साधा हिशोब करून बघा. आठवड्याला हजार पत्रं आली आणि प्रत्येक फोटोवर ‘अमक्याला सप्रेम’ लिहून सही करायला वीस सेकंद लागले, तर साडेपाच तास नुसत्या सह्यांत जातात. नामांकित नटांची पत्रं हजारावर थांबत नसत, आणि चित्रीकरण आठवड्याचे सहा दिवस चाले. मग सह्या कोण करणार? सेक्रेटरी, पत्रविभागातल्या मुली, कधी आई, कधी बहीण. संग्राहकांच्या भाषेत याला ‘सेक्रेटेरियल’ म्हणतात. यात फसवणुकीचा हेतू नव्हता. लोकांना फोटो हवा होता, स्टुडिओला लोक हवे होते. पण एकच मुलगी दोन-तीन वर्षं एखाद्या नटाच्या सह्या करत राहिली, की तिचा हात इतका बसतो की ती सही मूळ सहीपेक्षा जास्त ‘नटासारखी’ दिसू लागते. नवख्या माणसाचा घात इथेच होतो. इंटरनेटवर तो जे नमुने बघून ताडून घेतो, त्यातले कित्येक त्या मुलीचेच असतात.

सेक्रेटरीची सही ओळखायला भिंग पुरत नाही, कारण ती खऱ्या माणसानं खऱ्या शाईनं केलेली असते. तिथे नमुनेच लागतात, आणि तेही फोटोंवरचे नकोत. करारपत्र, बँकेचा चेक, घरच्यांना लिहिलेलं पत्र अशा कागदांवर माणूस स्वतःच सही करतो. करारावर सेक्रेटरीची सही चालत नाही. अशा कागदांवरून त्या हाताची सवय डोळ्यांत भरवून घ्यायची आणि मग फोटोकडे वळायचं. सही वयानुसार बदलते हेही लक्षात ठेवायचं. पदार्पणाच्या वर्षी माणूस नाव पूर्ण आणि वळणदार लिहितो, दहा वर्षांनी त्याच नावाची दोन अक्षरं आणि एक फरपट उरते. म्हणून १९३२च्या फोटोवरची सही १९५५च्या चेकशी ताडून उपयोग नाही.

रबरी शिक्का आणि छापील सही मात्र भिंगानं पकडता येतात. घड्याळजीकडे असतं तसं दहापट भिंग घ्या आणि फोटो खिडकीशी तिरका धरा. फौंटन पेननं केलेली खरी सही फोटोच्या पृष्ठभागावर बसलेली असते, प्रकाश तिच्यावरून वेगळा घसरतो, कधी शाईला हलकी धातूसारखी झाक दिसते. जिथे एक रेघ दुसरीला ओलांडते तिथे रंग गडद होतो. निब दाबली की रेघ रुंदावते, उचलली की निमुळती होते. शिक्क्याच्या सहीत यातलं काही नसतं. सगळीकडे एकसारखा दाब, रेघांच्या कडेला शाई जमलेली, आणि छेदाच्या जागीही रंग तोच. छापील सही तर फोटोचाच भाग असते. मूळ फोटोवर सही करून घ्यायची, त्या फोटोचा फोटो काढायचा आणि त्याच्या हजारो प्रती छापायच्या, अशी ही रीत. भिंगाखाली सही आणि नटाचा कोट एकाच पातळीवर, एकाच पोताचे दिसतात. काही फोटोंवर सही पांढरी दिसते. ती पांढऱ्या शाईची असू शकते, पण अनेकदा कुणीतरी निगेटिव्हवर काळ्या शाईनं लिहिलेलं असतं. निगेटिव्हवरची काळी रेघ प्रकाश अडवते, त्यामुळे प्रतीत ती जागा कोरी राहते.

उरला मुद्दाम बनावट सही करणारा. त्याची अडचण अशी, की सही ही चित्र काढल्यासारखी काढायची गोष्ट नाही. रोज सही करणारा माणूस धावत्या लोकलमध्ये चढणाऱ्या मुंबईकरासारखा असतो, पेन कागदाला टेकायच्या आधीच हात चालू झालेला असतो. म्हणून खऱ्या सहीच्या सुरुवातीला आणि शेवटाला बारीक शेपटी दिसते. नकलाकार मात्र नमुन्याकडे बघत सावकाश जातो. त्याची रेघ बोथट सुरू होते, मधेच थबकते, वळणावर किंचित थरथरते. अर्थात चांगला सराव असलेला नकलाकार हेही लपवतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावानं दक्षिण कॅलिफोर्नियातली एक टोळी पकडली. त्यांचा मुख्य धंदा खेळाडूंच्या सह्यांचा होता, पण मृत सिनेनटांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. आणि त्या मालाबरोबर प्रमाणपत्रंही होती. सहीच बनावट करणाऱ्याला प्रमाणपत्र छापायला किती वेळ लागतो?

माणूस खोटं बोलतो, पण पेन आणि कागद सहसा बोलत नाहीत. म्हणून मी तरी सहीच्या वळणांआधी तारखा बघतो.

अमेरिकेत बॉलपेन सामान्य गिऱ्हाइकाला पहिल्यांदा मिळालं ते २९ ऑक्टोबर १९४५ला, न्यूयॉर्कच्या गिंबल्स दुकानात, साडेबारा डॉलरला. कॅरोल लोम्बार्ड जानेवारी १९४२मध्ये विमान अपघातात गेली. तेव्हा लोम्बार्डच्या फोटोवर बॉलपेनची सही दिसली, की पुढचं काही वाचायची गरज नाही. शार्पीसारखे बारीक टोकाचे फेल्ट मार्कर आले १९६०च्या दशकात, खुद्द शार्पी १९६४ला. जेम्स डीन ३० सप्टेंबर १९५५ला गेला, हम्फ्री बोगार्ट जानेवारी १९५७मध्ये, क्लार्क गेबल नोव्हेंबर १९६०मध्ये, मेरिलिन मन्रो ऑगस्ट १९६२मध्ये. यांच्यापैकी कुणाच्याही फोटोवर काळ्याभोर शार्पीची ठसठशीत सही असेल, तर ती वरून टपालानं आलेली समजायची. हसू नका, असे फोटो विकले जातात. फ्रेममध्ये, मखमली पट्टीसह.

कागदाची गोष्ट जरा नाजूक आहे. तेव्हाचे फोटो म्हणजे आपल्याकडे स्टुडिओवाले ज्याला ब्रोमाइड म्हणत त्या जातीचे: कागदावर जिलेटिनचा थर, थरात चांदीचे क्षार. मोठ्या स्टुडिओंतले पोर्ट्रेट फोटोग्राफर आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हवर काम करत आणि ती निगेटिव्ह थेट कागदाला भिडवून प्रत काढत. कुठेही मोठं न केल्यामुळे पापणीचा केस न् केस दिसतो. एमजीएम स्टुडिओत क्लॅरेन्स सिंक्लेअर बुल, रूथ हॅरिएट लुईस, जॉर्ज हरेल ही मंडळी असं काम करत, आणि त्यांचे शिक्के फोटोच्या पाठीवर मिळतात. म्हणून फोटो हातात आला की आधी उलटा करायचा. पाठीवर फोटोग्राफरचा शिक्का, वर्तमानपत्रासाठी चिकटवलेली मजकुराची चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेले आकडे, गोंदाचे डाग हे सगळं त्या फोटोचं वय सांगतं. पुढच्या बाजूला फोटो तिरका धरला तर जुन्या प्रतींच्या गडद भागात, विशेषतः कडांना, आरशासारखी निळसर चंदेरी झाक दिसते. थरातली चांदी हळूहळू वर येते, त्याची ती खूण. प्लॅस्टिकचा लेप असलेला आजच्यासारखा गुळगुळीत कागद बराच पुढचा, साधारण १९७०च्या आसपासचा.

आणखी एक तपासणी आहे, तिला लागते नोटा बघायची जांभळी बॅटरी, म्हणजे अतिनील प्रकाशाची. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून फोटोच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी द्रव्यं घालू लागले. कपड्यांच्या निळीसारखाच प्रकार. अंधारात ती बॅटरी मारली, की असा कागद निळसर पांढरा झगमगतो. त्याआधीचा कागद मंद, मातकट राहतो. ही कसोटी फक्त नापास करू शकते, पास नाही, हे मात्र विसरायचं नाही. कागद चमकला तर तो १९३५चा नाही हे नक्की. न चमकला तर कागद जुना असू शकतो, पण सही काल सकाळची असू शकते. सही नसलेले खरे जुने फोटो बाजारात ढिगानं आणि स्वस्त मिळतात, नकलाकारही तेच विकत घेतो.

माझा धडा मर्ल ओबेरॉनवर झाला. ती जन्मली आपल्या मुंबईत, १९११ला, एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्प्सन या नावानं. वाढली कलकत्त्यात, मग इंग्लंडला गेली आणि तिथून हॉलिवूडला. १९३५च्या कामासाठी तिला सर्वोत्तम अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. आपली आशियाई मुळं तिनं जन्मभर लपवली, जन्म टास्मानियातला असं सांगत राहिली. मुंबईत जन्मलेल्या बाईनं परक्या नावानं केलेली सही आपल्या कपाटात असावी, हा मोह मला आवरला नाही. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून ऑनलाइन फोटो घेतला. त्यानं लिहिलं होतं, ‘१९३०च्या दशकातला मूळ, हस्ताक्षरित’.

फोटो आला त्या रात्री दिवे घालवून बॅटरी मारली. कागद ट्यूबलाइटसारखा उजळला. म्हणजे प्रत १९५०च्या मध्यानंतरची. तरीही आशा होती. ओबेरॉन १९७९पर्यंत होती, तिनं १९६५ला एखाद्या नव्या प्रतीवर सही केली असू शकते. जुन्या चित्राच्या नव्या प्रतीवर उतारवयात केलेल्या सह्या भरपूर मिळतात. त्या खऱ्याच असतात, फक्त किंमत कमी, आणि विक्रेत्यानं तसं सांगायला हवं. मग भिंग काढलं. ‘मर्ल’मधली एम तिच्या खांद्याच्या सावलीवरून जात होती. फोटो तिरका केला, सरळ केला, पुन्हा तिरका केला. शाईला ना चमक, ना जाडी. छेदाच्या जागी रंग गडद झालेला नाही. उलट सहीच्या रेघेत सावलीचेच बारीक कण दिसत होते. सही केलेल्या एका फोटोवरून काढलेली ती प्रत होती. विक्रेत्यानं पैसे परत दिले नाहीत, ‘वर्णनात शाई असा शब्द कुठे आहे’ म्हणाला. हस्ताक्षरित म्हणजे काय, यावर मी त्याला लांबलचक ईमेल लिहिली. तिचा काही उपयोग झाला नाही.

अशा वेळी लोक विचारतात, फोटोचा पूर्वेतिहास का नाही बघितलास? फोटो कुणाकडून कुणाकडे आला याचा कागदोपत्री माग असेल तर सोन्याहून पिवळं. पण यातही एक मेख आहे. समजा फोटोसोबत मूळ पाकीट आहे, त्यावर कल्व्हर सिटीच्या एमजीएमचा पत्ता आणि १९३६चा टपालशिक्का. वाटतं, यापेक्षा भक्कम पुरावा तो काय! खरं तर फोटो स्टुडिओच्या पत्रविभागातून आला एवढंच त्यावरून कळतं, आणि सेक्रेटरी बसायच्या त्याच विभागात. त्यापेक्षा स्टुडिओतल्या सुताराच्या, केशभूषाकाराच्या, कॅमेरामनच्या घरून निघालेला फोटो मला जास्त भरवशाचा वाटतो. त्यावर नटानं त्या माणसाचं नाव घालून, कुठल्यातरी सिनेमाची आठवण काढून दोन ओळी लिहिलेल्या असतात. बाजाराची खोड अशी, की नाव घातलेला फोटो स्वस्त विकला जातो, कारण विकत घेणाऱ्याला ‘प्रिय बेट्टीस’ भिंतीवर नको असतं. मला तर बेट्टी हवीच. दोन ओळी जास्त म्हणजे तीस-चाळीस अक्षरं जास्त, आणि प्रत्येक अक्षर हा एक पुरावा. नुसतं नाव पाठ करता येतं, अख्खं वाक्य दुसऱ्याच्या हातानं लिहिणं अवघड.

किमतीचंही थोडं उलटंच आहे. नट किती मोठा यावर भाव ठरत नाही, सही किती कमी हातांत आहे यावर ठरतो. ग्रेटा गार्बोनं १९४१नंतर सिनेमा सोडला, १९९०पर्यंत जगली, पण सही मागणाऱ्यांना ती कायम टाळत आली. तिचा सही केलेला फोटो म्हणजे दुर्मीळातला दुर्मीळ. जोन क्रॉफर्ड तिच्याच काळातली, तिच्याच स्टुडिओतली. तिचं खरं नाव लुसील लसूर, ‘जोन क्रॉफर्ड’ हे नाव १९२५ला मासिकाच्या वाचकस्पर्धेतून आलं. चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं देणं हे तिला कर्तव्य वाटे आणि ते तिनं आयुष्यभर निष्ठेनं केलं. त्यामुळे तिच्या सह्या, टाइप केलेली पत्रं, फोटो हे सगळं आजही आवाक्यातल्या भावात मिळतं. लिलियन गिश १९९३ला वयाच्या ९९व्या वर्षी गेली, तिच्याही सह्या पुष्कळ आहेत. सुरुवात करणाऱ्यानं अशांपासून करावी. किंवा चरित्र अभिनेत्यांपासून, म्हणजे ज्यांचा चेहरा ओळखीचा आणि नाव आठवत नाही अशांपासून. त्यांच्या नकला करण्यात कुणालाही नफा नसतो.

प्रमाणपत्राबद्दल विचाराल, तर ते एक मत आहे. देणारी संस्था त्या काळाची जाणकार असेल, चूक निघाल्यास पैसे परत देत असेल, तर त्या मताला वजन. विक्रेत्यानं स्वतःच छापलेलं सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र म्हणजे आंबेवाल्यानं दिलेली हापूसची चिठ्ठी.

एवढं करून खरा फोटो हाती आलाच, तर तो टिकवायचा कसा? जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून बनतं, आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बुरशीला ते पक्वान्नच. हवा दमट झाली की थर फुगतो आणि फ्रेमच्या काचेला चिकटतो. मग सोडवताना चेहऱ्याचा तुकडा काचेवर राहतो. म्हणून काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट हवी, उन्हाची भिंत टाळायची, ट्यूबलाइटखालीही कायम ठेवायचा नाही. फौंटन पेनची शाई उजेडानं उडते, काळी तपकिरी होते, निळी तर पार पुसट. चिकट पानांचे आणि पीव्हीसीचे अल्बम नकोत, पॉलिस्टरची पाकिटं आणि आम्लमुक्त पुठ्ठा चांगला. फोटो लॅमिनेट करू नका. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेपासून सगळंच लॅमिनेट करायची हौस असते, पण फोटोला ते एकदा केलं की परतीची वाट नाही.

आणि जुन्या फोटोला तडे असतील तर बुजवू नका, तेही कामाचे असतात. सहीची रेघ तड्यावरून जाते तिथे भिंग लावायचं. आधी सही आणि मग तडा, तर शाई तड्याच्या दोन्ही काठांवर नीट तुटलेली दिसते. आधी तडा आणि मग सही, तर शाई फटीत उतरून पसरलेली असते. ऐंशी वर्षांच्या फोटोवर शाई फटीत उतरलेली असेल, तर तो फोटो म्हातारा झाल्यावर कुणीतरी त्याच्यावर पेन चालवलंय.

माझी ओबेरॉन अजून कपाटात आहे, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. कुणी नवा छंदिष्ट घरी आला की दिवे घालवतो, त्याच्या हातात बॅटरी देतो आणि पहिला फोटो तोच पुढे करतो.